सिंहपुच्छ माकडं: उचलून मोठ्या जंगलात सोडावीत का?

घाटवेडा:
तमिळनाडूतल्या वालपराईला जाऊन आलो. पुतुतोट्टमच्या वळणावर सिंहपुच्छ माकडांची अख्खी टोळी डांबरावर. काळं तोंड, भोवती राखाडी आयाळ, शेपटीला गोंडा. एक मादी पोटाशी पिल्लू धरून वेफर्सचं रिकामं पाकीट चाटत होती. एरवी शेंड्यावरून सहसा खाली न उतरणारं जनावर! जगात फक्त पश्चिम घाटात आढळतं, तेही कर्नाटक, केरळ, तमिळनाडूत. चहाच्या मळ्यांनी वेढलेल्या जेमतेम १०० हेक्टरच्या जंगलाच्या तुकड्यात यांचं काय भलं होणार? माझं मत, सगळी टोळी पकडून मोठ्या जंगलात न्या.

पानगळ:
म्हणजे मोठं जंगल रिकामं पडलंय? तिथे आधीच टोळ्या आहेत. मादीला पहिलं पिल्लू होतं पाच-सहा वर्षांची झाल्यावर, पुढचं लवकर होत नाही. धरपकडीत चार माद्या दगावल्या तर भरून कधी निघणार? रस्त्यावर झाडांना बांधलेले झुलते पूल पाहिलेत ना? माकडं वापरतात ते.

घाटवेडा:
पाहिले. टोळी पुलाखालीच बसली होती.

पानगळ:
कारण वेफर्स खाली होते, वर नव्हते. गाडीची काच खाली करणाऱ्याला आधी दंड करा.

चहावाला_माजी:
तिथल्या मळ्यात दोन वर्षं नोकरी केली. तुम्ही दोघं माकडांचंच बोलताय. लाइनीतल्या, म्हणजे मजुरांच्या चाळीतल्या, बाईचा तांदळाचा डबा उघडून माकड ओट्यावर बसतं, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मधला प्राणी म्हणून तिने नुसतं ‘हुश हुश’ करायचं. खिडकीला जाळी आणि कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण, एवढं आधी द्या. पूल काय, नंतरही होतील.

घाटवेडा:
जाळी लावली तर खाणार काय? म्हणूनच न्या म्हणतोय.

पानगळ:
कुलेनियाच्या झाडाची काटेरी फळं दातांनी फोडून खातात, किडे खातात. तुकड्यात ती झाडं वाढवा ना. केरळातल्या सायलेंट व्हॅलीत याच माकडाच्या नावाने लढा झाला, कुंतीपुळ नदीवरचं धरण रद्द झालं, १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. तिथे कुणी माकडं हलवली नाहीत, जंगल राखलं.

घाटवेडा:
सायलेंट व्हॅली सलग जंगल होतं हो! इथे चहा उपटून कुलेनिया लावायला कुठला मळेवाला तयार होईल?

चहावाला_माजी:
उपटायला नको. ओढ्याकाठची पट्टी झाडांसाठी सोडली तरी चालेल. पण ती सोडेपर्यंत डब्याला झाकण लागेलच.