मोहरीची उशी आणि चपटं डोकं : तुमचे अनुभव सांगा

भाचीच्या बाळंतविड्यात आईने मोहरीची उशी घातली आणि लेकाचं डोकं आठवलं. दुसऱ्या महिन्यातच उजवीकडे मागून सपाट. येणारा-जाणारा चाचपून बघे. डॉक्टरांनी उशी काढायला लावली. झोपवायचं पाठीवरच, उशी-लोड काही नको. जागा असताना मात्र आपल्यासमोर पालथं घाला. तो सतत खिडकीकडे बघायचा, म्हणून उशा-पायथा बदलला. मान आपसूक दुसरीकडे वळू लागली. तुम्ही काय केलंत?

चिंगीची_आई
आमच्या मालिशवाल्या मावशी रोज डोकं दाबायच्या, "नारळासारखं गोल करते बघा." सासूबाई खूश, माझा जीव टाळूत! शेवटी डोकं सोडून बाकी काय ते करा म्हटलं. नाक ओढणं काही थांबलं नाही. नाक बापावरच गेलंय.

खटपट्या
पालथं घातलं की आमचं रत्न भोकाड पसरायचं. मग मीच आडवा होऊन छातीवर घ्यायचो. ऑफिसचे कॉलही तसेच.

रानजाई
@खटपट्या 😂 आमच्याकडे बाबा आधी झोपायचे, उचलून घ्यावं लागायचं.
बाळ एकाच बाजूला बघत असेल तर सवय म्हणून सोडू नका. आमच्या मुलीचा मानेचा स्नायू आखडलेला निघाला. फिजिओने व्यायाम शिकवले, दूध पाजतानाची बाजूही बदलायला लावली.

जर्सीकर
इकडे अमेरिकेत १९९२ पासून पाठीवर झोपवायचा सल्ला आहे. झोपेतले अचानक मृत्यू खूप घटले, चपटी डोकी वाढली. सौदा परवडला. आमच्याला डोक्याला आकार देणारं हेल्मेट, दिवसाचे २३ तास. घामाचा वास विचारू नका.

पेठेतला
हेल्मेटवर २०१४ मध्ये नेदरलँड्सचा अभ्यास आला होता. मध्यम ते बरंच चपटं डोकं असलेली बाळं, निम्म्यांना हेल्मेट, निम्म्यांना काहीच नाही. दोन वर्षांची झाल्यावर दोन्हीकडे सारखंच. खर्चाआधी दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.

जर्सीकर
@पेठेतला हे आधी कुठे होतात राव!

ओवी
डोक्यावर कडक कंगोरा लागत असेल किंवा टाळू फार लवकर भरली तर मात्र लगेच दाखवा. कवटीच्या शिवणी वेळेआधी जुळल्या असतील तर कूस बदलून भागत नाही.

चिंगीची_आई
उशीतली मोहरी फोडणीला चालेल का? किलोभर आहे.

रानजाई
शी! कुंडीत पेर, भाजी कर. बाय द वे डिंकाच्या लाडवात खारीक किती घालता?