मदत हवी आहे: इन्व्हर्टरसाठी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी घेतोय, पण चार्ज किती उरलाय ते कळणार कसं?

घरच्या १२ व्होल्ट इन्व्हर्टरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी काढून तिथे लिथियमचा पॅक बांधायचा आहे. इन्व्हर्टर आणि त्याचा चार्जर तेच राहणार.

एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली लिथियम बॅटरी) मी जवळपास बाद केली आहे. किलोमागे १५० ते २५० वॉट-तास देते, एलएफपी ९० ते १६०. पण कोपऱ्यात बसून राहणाऱ्या बॅटरीचं वजन बघतंय कोण? खरी अडचण व्होल्टेजची. एनएमसीचे तीन सेल सिरीजमध्ये लावले तर पूर्ण चार्जला १२.६ व्होल्ट. चार्जर मात्र १४.४ पर्यंत चढवतो, म्हणजे सेलमागे ४.८. हा तर सरळसरळ आगीशी खेळ! चार लावले तर १६.८, ते इन्व्हर्टरला झेपणार नाही. एलएफपीचे चार सेल १२.८ ला बसतात, पूर्ण चार्जला १४.६. (एलटीओ, म्हणजे लिथियम टायटनेट, टिकाऊपणात दोघांना मागे टाकते, पण जागा फार खाते.)

आता शंका. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं. सेल ८० टक्के भरलेला असो की ४०, मीटर ३.३ च्या आसपासच. मग इन्व्हर्टरवरच्या चार्ज दाखवणाऱ्या दांड्यांवर विश्वास ठेवायचा का? दुसरं म्हणजे, वीज इथे क्वचितच जाते, त्यामुळे पॅक महिनोन्‌महिने १०० टक्क्यांवर पडून राहील. १३.८ चा फ्लोट (बॅटरी भरल्यावर चार्जर धरून ठेवतो ते व्होल्टेज) चालेल का?

प्रतिसाद:
दांड्या विसरा. शंटवाला (बॅटरीच्या तारेत छोटा रोध बसवून करंट मोजणारा) मीटर लावा. तो आत-बाहेर गेलेला करंट मोजून हिशोब ठेवतो. त्याचीही चूक साठत जाते, म्हणून अधूनमधून पूर्ण चार्ज करून त्याला १०० वर आणायचं. त्याच वेळी बीएमएस (पॅकमधल्या सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) सेल समतोल करून घेतो, कारण सपाट पट्ट्यात त्यालाही सेलमधला फरक दिसत नाही.

फ्लोट बदलता येत असेल तर १३.४ च्या आसपास ठेवा. भरलेल्या अवस्थेत पडून राहणं एलएफपी एनएमसीपेक्षा बरं सोसते, तरी तिचंही आयुष्य थोडं कमी होतंच. इक्वलायझेशन (लेड-अ‍ॅसिडसाठी अधूनमधून दिला जाणारा जास्त व्होल्टेजचा चार्ज) मात्र आधी बंद करा, त्यात व्होल्टेज १५ च्या वर जातं. आणि शून्य अंशाखाली चार्जिंग नको, अ‍ॅनोडवर लिथियम धातू साचतो.

धागाकर्ता:
चार्जरमध्ये फ्लोट बदलायची सोयच नाही, इक्वलायझेशन तेवढं बंद करता येतं. मग चार्जर वेगळा घ्यावा, की १३.८ वरच राहू द्यावं?