मदत हवी आहे: जुन्या ऑटोमॅटिक पिकअपचा गिअर मधूनच अडकतो, गिअरबॉक्स उघडू द्यावा का?

मंडळी, गाडी डबल कॅब डिझेल पिकअप आहे. ६ स्पीड ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली, १ लाख ३८ हजार किलोमीटर पळालेली, मोठ्या भावाने वापरून मला दिलेली. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर निम्मे प्रतिसाद 'मी तर आधीच सांगत होतो' असे येतात. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला क्लच दाबवत नाही, त्यामुळे 'विकून मॅन्युअल घ्या' हाही सल्ला कृपया नको.

मी ठाण्यात लोकांच्या गच्चीत-बाल्कनीत बागा लावून देतो. आठवड्यातून एकदा मुरबाडहून शेणखत आणि माती भरून आणतो, पाच-सहाशे किलो. येताना कल्याण-शीळ रस्ता, शीळफाटा, मग मुंब्रा बायपास.

तर शीळफाट्याच्या कोंडीत अर्धा तास रांगत आलं की कधीकधी पॅनेलवरचं 'डी' (ड्राइव्ह) हे अक्षर क्षणभर गायब होतं. लगेच बुडाखालून दण्णकन झटका बसतो आणि गाडी एकाच वरच्या गिअरमध्ये अडकते. मग थांबून निघताना म्हातारा बैल उठावा तशी उठते. बायपासच्या चढावर मागचे ट्रेलरवाले हॉर्न मारून जीव खातात. एकदा वेग घेतला की मात्र ५०-६० ने नीट जाते, नुसती रेस वाढून जागच्या जागी गुरगुरणं वगैरे अजिबात नाही. बाजूला घेऊन किल्ली बंद केली, दोन मिनिटांनी सेल्फ मारला की जणू काही झालंच नव्हतं. मग तीन-तीन आठवडे काही नाही, आणि एखाद्या दिवशी दोनदा. पावसाळ्यात जास्त. गॅरेजमध्ये नेली की शहाण्या बाळासारखी चालते.

पहिल्या गॅरेजने 'तेल बघितलं, ठीक आहे' असं सांगितलं. या गिअरबॉक्सला डिपस्टिकच नाही, मग बघितलं कशाने ते देव जाणे. दुसऱ्या गॅरेजने स्कॅनर लावला, बिघाडाचे कोड पुसून टाकले (लिहून ठेवले नाहीत!), वीस किलोमीटर फिरवली आणि निकाल दिला की आतल्या क्लच प्लेटा गेल्यात, गिअरबॉक्स उतरवून किट घालावं लागेल, १ लाख ४० हजार. माझ्याकडे मोबाईलला जोडायचा स्वस्तातला ओबीडी (कोड वाचायचं यंत्र) आहे, त्यावर फक्त पी ०७०० दिसतो. बॅटरी तपासली: गाडी बंद असताना १२.५ व्होल्ट, चालू असताना १४.१.

आणि हो, याचा संबंध नसावा, पण हल्ली कधीकधी 'पी' (पार्क) मध्ये सेल्फच लागत नाही. दांडा न्यूट्रलला आणून जरा हलवला की लागतो. बहुतेक सेल्फचं वेगळं काम निघालंय.

प्रश्न एवढाच, की प्लेटांना हात लावू देण्याआधी काय काय तपासून घेऊ?

प्रतिसाद:

दादा, सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता शेवटी टाकलीत. 'पी' मध्ये सेल्फ न लागणं आणि पॅनेलवरचा 'डी' गायब होणं, दोन्हीचा बाप एकच असू शकतो: इनहिबिटर स्विच. दांड्याची केबल गिअरबॉक्सला जिथे जोडते तिथेच तो बाहेरच्या बाजूला बसवलेला असतो. दांडा कुठल्या खुणेवर आहे हे तोच गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला सांगतो, आणि 'पी' किंवा 'एन' सोडून सेल्फ लागू देत नाही. त्याचा सिग्नल तुटला की कॉम्प्युटर घाबरून एकच गिअर धरून ठेवतो, आतलं तेलाचं प्रेशर वाढवतो, म्हणून तो झटका. किल्ली फिरवली की पहिल्यापासून मोजणी सुरू, म्हणून 'काही झालंच नव्हतं'.

प्लेटा झिजल्या असत्या तर रेस वाढली असती पण गाडी ओढली नसती, आणि ते दुखणं किल्ली फिरवून बरं होत नाही. तुम्ही तर उलटंच सांगताय.

पी ०७०० चा अर्थ इतकाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने काहीतरी लिहून ठेवलंय. काय लिहिलंय ते वाचायला त्याच्या आत शिरणारा स्कॅनर लागतो. चांगला वायरमन गाठा, मिस्त्री नंतर. कोड पुसायच्या आधी फोटो काढा. मग किल्ली ऑन, इंजिन बंद, स्क्रीनवर लाईव्ह डेटा लावून दांडा प्रत्येक खुणेवर न्या आणि जागच्या जागी हलवा. स्क्रीनवरचं अक्षर लुकलुकलं की चोर सापडला. रिव्हर्सचा दिवा लागतो का तेही मागे कुणाला तरी उभं करून बघा.

एक विचारू? शेणखत वाहिल्यावर गाडी खालून प्रेशरने धुता का?

तेलाची पातळी मात्र नीट तपासून घ्याच. गाडी सपाट उचलून, इंजिन चालू ठेवून, कंपनीने दिलेल्या तापमानाला प्लग उघडायचा आणि तेल थेंब-थेंब यायला हवं. जळकट वास आला किंवा तळाच्या चुंबकावर धातूचे कण सापडले तर माझं वरचं सगळं विसरा. चुंबकावर राखाडी चिखल असतोच, त्याला घाबरू नका. आणि रंग गुलाबी, मस्तानीसारखा दुधाळ दिसला तर रेडिएटरचं पाणी आत शिरलंय, गाडी तिथेच उभी करा.

धागाकर्ता:

धुतो, दर फेरीनंतर! घोडबंदर रोडला जिथे गाडी धुतो तो पोरगा तर अगदी प्रेमाने खालूनच जास्त मारतो.

वागळे इस्टेटमधल्या एका वायरमनकडे गेलो. आतला कोड निघाला पी ०७०५, म्हणजे दांडा कुठे आहे हे सांगणाऱ्या त्याच स्विचच्या सर्किटचा. लाईव्ह डेटा लावून दांडा 'डी' वर हलवला, तर स्क्रीनवरचं अक्षर तीनदा गेलं. त्याने गाडीखाली सरकून स्विचचा कपलर (वायरींचा जोड) खेचला आणि मला बोलावून दाखवला: आत हिरवी बुरशी साचावी तसा गंज, एक पिन तर बोटाने हलत होती. क्लीनर मारला, पिना आवळल्या. तेल त्याच्याच ओळखीच्या लिफ्टवर बघितलं, पातळीला आहे, लालसर तपकिरी, जळकट वास नाही.

नऊ दिवस झाले, मुरबाडच्या दोन फेऱ्या झाल्या, झटका नाही. पण काल सकाळी 'पी' मध्ये पुन्हा एकदा सेल्फ लागला नाही, म्हणजे पाणी स्विचच्या पोटातही गेलंय. नवा मागवलाय. वायरमन म्हणतो बसवताना न्यूट्रलची खूण जुळवावी लागते, जरा इकडेतिकडे झाली की पुन्हा तोच खेळ. मंगळवारी बसवतोय, खूण कशी जुळवतो त्याचा फोटो इथेच टाकतो.