सोया वड्यांचा पुलाव ठेवायचा की काढायचा? सोसायटी ग्रुपवरची रविवारची चर्चा

ए-२०३ मनीषा, सकाळी ८.१२
सर्वांना नमस्कार. उन्हाळी शिबिराच्या नाश्त्याची यादी काल टाकली होती. त्यात बुधवारी सोया वड्यांचा पुलाव आहे. आज पहाटे माझ्या माहेरच्या ग्रुपवर एक मेसेज आला. त्यात म्हटलंय की सोयाबीनमध्ये बायकांचं हार्मोन असतं, मुलग्यांनी खाल्लं तर त्यांची छाती वाढते आणि मुलींना पाळी लवकर येते. खाली कुणाचं नाव नाही, पण वाचल्यापासून चुटपुट लागली आहे. ४० मुलांचा प्रश्न आहे. यादी बदलू का?

ए-१०२ जोशीकाका, ८.२०
बदला. शंका आहे तिथे पोरांवर प्रयोग नको. कांदेपोहे करा, सगळे खातात.

सी-४०१ रोहन, ८.३४
मी दोन वर्षं जिमसाठी सोया प्रोटीन पावडर घेतोय. असे मेसेज मलाही येतात. कुणाला नीट माहिती असेल तर खरंच सांगा.

ए-४०४ स्मिता, ८.४१
मला थायरॉइड आहे. मला तर एका नातेवाईक बाईंनी सोया, कोबी, फ्लॉवर सगळंच बंद करायला सांगितलंय.

बी-३०२ सुलभाकाकू, ९.०५
पूजा आटोपून आत्ता फोन हातात घेतला. कॉलेजात तीस वर्षं अन्नरसायन शिकवलं, त्यामुळे यावर लिहिल्याशिवाय राहवणार नाही. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मेसेज शंभर टक्के खोटा नाही, म्हणून तर तो पसरतो. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन नावाची द्रव्यं असतात, त्यातली मुख्य जेनिस्टिन आणि डेडझिन. त्यांची घडण आपल्या शरीरातल्या इस्ट्रोजेनसारखी दिसते, म्हणून त्यांना वनस्पतीजन्य इस्ट्रोजेन म्हणतात. पेशींमध्ये इस्ट्रोजेन जिथे जाऊन बसतं त्या जागेवर तीही बसू शकतात. पण दुसऱ्याच्या चपलेत पाय गेला म्हणून ती मापाची होत नाही. आपल्या इस्ट्रोजेनच्या तुलनेत त्यांचा जोर शेकडो पटींनी कमी असतो. शिवाय या बसायच्या जागा दोन प्रकारच्या आहेत, अल्फा आणि बीटा. गर्भाशय आणि स्तनाच्या पेशी वाढवण्याचं काम मुख्यतः अल्फाचं, आणि सोयातली द्रव्यं जास्त करून बीटावर बसतात. म्हणजे ‘बायकांचं हार्मोन’ हे नावच चुकीचं आहे. आणि इस्ट्रोजेन पुरुषांच्याही शरीरात तयार होतं, हाडांसाठी त्यांनाही ते लागतं.

दुसरं असं की वनस्पतीजन्य इस्ट्रोजेन म्हणतात ती द्रव्यं फक्त सोयात नसतात. जवस, तीळ, हरभरा, डाळी, सगळ्यांत कमी-अधिक असतात. संक्रांतीला तिळगूळ खाताना आपल्यापैकी कुणी घाबरलं होतं का?

ए-१०२ जोशीकाका, ९.१८
वहिनी, तुमच्या ज्ञानाबद्दल आदर आहे. पण माझा भाऊ पशुवैद्यकीय खात्यात होता. परदेशात चाऱ्यामुळे मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या, असं तो सांगायचा. मग ते काय होतं?

बी-३०२ सुलभाकाकू, ९.३६
काका, अगदी बरोबर आठवण काढलीत. हा सगळा विषय तिथूनच सुरू झाला.

पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४० च्या दशकात मेंढपाळांनी कुरणात एका जातीचं क्लोव्हर लावलं होतं. आपल्याकडच्या लसूणघासाच्याच कुळातलं हे चारापीक. वाढ चांगली, जनावरं तुकतुकीत. पण काही हंगामांत मेंढ्या गाभण राहीनात, राहिल्या तर कोकरं मेलेली निघत, काहींचं अंग बाहेर येई. १९४६ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी याचा अहवाल छापला आणि बोट ठेवलं ते क्लोव्हरवर. त्या पाल्यात फॉर्मोनोनेटिन नावाचं द्रव्य असतं. मेंढीच्या पोटातले जिवाणू त्याचं रूपांतर इक्वॉलमध्ये करतात, आणि ते इक्वॉल इस्ट्रोजेनसारखं वागतं. (१९३२ मध्ये ते पहिल्यांदा सापडलं गाभण घोडीच्या मुतात, घोड्याच्या लॅटिन नावावरून त्याचं हे नाव पडलं.)

आता त्या मेंढ्या काय खात होत्या ते पाहा. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत जवळपास तेच एक कुरण, महिनोन्‌महिने. आपल्या ताटात भाकरी, भाजी, वरण, भात, ताक आणि आठवड्यातून एकदा वाटीभर पुलाव. म्हणून मेंढ्यांची गोष्ट खरी असूनही ती जशीच्या तशी मुलांना लावता येत नाही.

माणसांमध्येही एक नोंद आहे, तीही सांगते, लपवायचं काही नाही. २००८ मध्ये अमेरिकेत ६० वर्षांच्या एका गृहस्थांची छाती दुखून सुजली होती आणि रक्तात इस्ट्रोजेन वाढलेलं निघालं. चौकशीत कळलं की ते रोज जवळजवळ तीन लिटर सोयादूध पीत होते. ते बंद केल्यावर सगळं पूर्ववत झालं. फॉरवर्डमध्ये येते ती बहुधा हीच गोष्ट, फक्त त्यातले तीन लिटर गळून पडतात.

सी-४०१ रोहन, ९.४४
काकू, मग माझ्या पावडरचं काय? टेस्टोस्टेरॉन कमी होतं म्हणतात.

बी-३०२ सुलभाकाकू, ९.५२
पुरुषांवर झालेल्या ४१ चाचण्या एकत्र करून २०२१ मध्ये एक मोठा आढावा निघाला. सोया किंवा आयसोफ्लेवोन घेतल्याने पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घटल्याचं किंवा इस्ट्रोजेन वाढल्याचं त्यात आढळलं नाही. तुझ्या पावडरीत तर आयसोफ्लेवोन फार कमीही असू शकतात. प्रथिन वेगळं काढताना अल्कोहोलने धुतलं असेल तर बरेचसे निघून जातात. पण बाळा, तुझ्या वयाला पावडरीपेक्षा उसळ आणि अंडी बरी, हे मात्र माझं मत.

सी-१०४ शिंदे, १०.०३
मी लातूरचा, घरची बारा एकर शेती, त्यात आठ एकर सोयाबीन. जूनमध्ये पेरतो, दसऱ्याच्या आगंमागं काढतो. आमचा माल सगळा मिलला जातो. तेल निघतं १८-२० टक्के, उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्याला. इथं निम्म्या घरांत सोयाबीन तेलच असेल. मग ते पण बंद करायचं का?

बी-३०२ सुलभाकाकू, १०.१०
शिंदेभाऊ, नाही. आयसोफ्लेवोन प्रथिनांच्या भागात असतात, तेलात नाही. रिफाइंड तेलात ते जवळपास नसतातच. पेंडीत राहतात, आणि सोया वड्याही तेल काढलेल्या त्याच पिठाच्या असतात.

आता मनीषाचा हिशोब करू. कोरड्या वड्या १०० ग्रॅम घेतल्या तर त्यात साधारण १५० मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन असतात. शिबिरात एका मुलाच्या वाट्याला १५ ग्रॅम वड्या येतील, म्हणजे वीस-बावीस मिलिग्रॅम. वड्या उकळून पाणी पिळून टाकतो, त्यात आणखी थोडे जातात. जपानमध्ये टोफू, मिसो, नात्तो अशा सोयाच्या पदार्थांच्या रूपात मोठी माणसं रोज २५ ते ५० मिलिग्रॅम खातात, पिढ्यान्‌पिढ्या. आपली मुलं आठवड्यातून एकदा खाणार, त्यातून मिळणार ते आठ ग्रॅमच्या आसपास प्रथिन. शाकाहारी मुलांसाठी हे सोडून देण्यासारखं नाही.

एका ठिकाणी मात्र मी काकांच्या बाजूची आहे. तान्ह्या बाळाला बाटलीतून फक्त बाळांसाठीची सोयाची दूधपावडर दिली, तर वजनाच्या मानाने त्याच्या पोटात जाणारं प्रमाण मोठ्यांच्या कितीतरी पट होतं, कारण ते दुसरं काहीच खात नाही. काही बाळांना आजारामुळे ती द्यावीच लागते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपल्या मनाने नाही.

ए-४०४ स्मिता, १०.१९
आणि थायरॉइड?

बी-३०२ सुलभाकाकू, १०.२७
मीठ आयोडीनयुक्त वापरतेस ना? मग सोयामुळे थायरॉइड बिघडेल याची धास्ती नको. खरा मुद्दा गोळीचा आहे. सोया पोटात असेल तर गोळी आतड्यातून कमी शोषली जाते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही तसंच. म्हणून थायरॉइडची गोळी पहाटे अनशापोटी पाण्याबरोबर घे आणि सोया दुपारच्या जेवणात खा. रोज सोयादूध सुरू केलंस तर डॉक्टरांना तसं सांग, ते थायरॉइडची रक्ततपासणी (टीएसएच) पुन्हा करतील. नातेवाईक बाईंनी कोबी सोडायला सांगितला, पण गोळीची वेळ विचारली का?

ए-४०४ स्मिता, १०.३०
नाही. मी चहाबरोबर घेते 🙏 उद्यापासून पाण्याबरोबर.

बी-५०१ वंदना, ११.१५
मी ग्रुपवर फारसं लिहीत नाही. आज लिहिते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या स्तनाचं ऑपरेशन झालं हे बिल्डिंगमध्ये बऱ्याच जणांना ठाऊक आहे. माझी गाठ इस्ट्रोजेनवर वाढणारी होती, म्हणून इस्ट्रोजेनला अडवणारी टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे, एकूण पाच वर्षं घ्यायची आहे. घरी आले तेव्हा एका भेटायला आलेल्या बाईंनी सांगितलं, जवस आणि तीळ अजिबात नको, त्यात इस्ट्रोजेन असतं, गाठ परत येईल. मी नागपूरकडची. आईच्या हातची जवसाची चटणी आमच्याकडे रोज ताटात असायची. डबा भरलेला होता, तो मी त्याच दिवशी सांडून दिला. संक्रांतीला सगळ्यांना तिळगूळ दिला आणि स्वतः हातात धरून बसले.

तीन वर्षांत डॉक्टरांना हे विचारायचं धाडस झालं नाही. भीती अशी की ते म्हणतील, ‘अहो, मग आधी का खात होतात?’ जणू मीच खाऊन आजार ओढवून घेतला. सुलभाताई, मला खरं काय ते सांगा.

बी-३०२ सुलभाकाकू, ११.४८
वंदना, तुझा मेसेज दोनदा वाचला. तू काहीही ओढवून घेतलेलं नाहीस, हे आधी.

चीनमध्ये शांघायला स्तनाचा कर्करोग झालेल्या ५,०४२ बायकांचा पाठपुरावा केला होता, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या बायका जेवणात सोया जास्त खात होत्या, त्यांच्यात आजार उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी निघालं. इस्ट्रोजेनवर वाढणारी गाठ असलेल्यांमध्येही, टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांमध्येही. अशा पाहणीवरून सोया औषध आहे असं म्हणता येत नाही, सोया खाणाऱ्या बायका इतर बाबतींतही वेगळ्या असू शकतात. पण जेवणातल्या सोयाने घात होत असता तर तो इथे दिसला असता. अमेरिकन कॅन्सर सोसायटीही सोयाचे पदार्थ खाणं सुरक्षित मानते.

तुझ्या जवसाकडे येते. जवसात आयसोफ्लेवोन नव्हे, लिग्नन नावाची वनस्पतीजन्य इस्ट्रोजेन असतात, आपल्या नेहमीच्या खाण्यात जवसाइतके लिग्नन दुसऱ्या कशातच नाहीत. आतड्यातले जिवाणू त्यांच्यापासून एन्टेरोलॅक्टोन नावाचं इस्ट्रोजेनसारखं दिसणारं द्रव्य तयार करतात. कॅनडात टोरांटोला एक प्रयोग झाला, २००५ मध्ये छापून आला. गाठ सापडल्यापासून ऑपरेशनपर्यंतच्या आठवड्यांत काही बायकांना रोज २५ ग्रॅम जवस घातलेला मफिन दिला, काहींना बिनजवसाचा. जवस खाणाऱ्यांच्या गाठीत पेशी वाढण्याचा वेग कमी झालेला दिसला. बायका ३२ च होत्या, त्यामुळे यावरून मोठे दावे करू नयेत. पण रोज २५ ग्रॅम जवस खाऊन वेग वाढलेला दिसला नाही, आणि तू चमचा-दोन चमचे चटणी खात होतीस.

सावध राहायचं ते गोळ्यांपासून. ‘नैसर्गिक इस्ट्रोजेन’ म्हणून आयसोफ्लेवोनच्या कॅप्सूल मिळतात. पाळी थांबताना अंगातून वाफा येतात त्यासाठी काही बायका त्या घेतात, काहींना थोडा उतारही पडतो. पण तिथे एकच द्रव्य काढून भरपूर भरलेलं असतं. इटलीत रोज १५० मिलिग्रॅमच्या गोळ्या पाच वर्षं घेतलेल्या काही बायकांच्या गर्भाशयाचं अस्तर जाड झालेलं आढळलं, गोळी न घेणाऱ्यांत तसं झालं नाही. तुझ्यासारख्या आजारात डॉक्टरांना विचारल्याशिवाय या कॅप्सूल कधीही घ्यायच्या नाहीत.

पुढच्या तपासणीला मी तुझ्याबरोबर येते. चटणीचा प्रश्न आपण दोघी मिळून विचारू. ते रागावणार नाहीत, आणि समजा रागावलेच तर मी आहे ना.

बी-५०१ वंदना, ११.५५
गुरुवारी साडेअकराची वेळ आहे. या तुम्ही.

ए-१०२ जोशीकाका, १२.०२
वंदनाताई, माझी सौभाग्यवती गेल्या वर्षी अशाच कुठल्याशा मेसेजवरून दूध सोडून बसली होती. मीच तो तिला वाचून दाखवला होता. मनीषा, माझा ‘बदला’ मागे घेतो. पुलाव राहू दे.

सी-१०४ शिंदे, १२.०९
एक सांगायचं राहिलं. कच्चं सोयाबीन कुणी गव्हाच्या दळणात टाकू नका, पोट बिघडतं. आधी चांगलं भाजून घ्या, मग टाका.

बी-३०२ सुलभाकाकू, १२.१४
शिंदेभाऊ, बरं झालं आठवण केलीत. कच्च्या दाण्यात प्रथिन पचू न देणारं द्रव्य असतं, चांगल्या उष्णतेने ते निकामी होतं. आणि जवस अख्खे खाऊ नका, तसेच बाहेर पडतात. भाजून कुटायचे.

ए-२०३ मनीषा, १२.२०
सर्वांचे मनापासून आभार. पुलाव यादीत ठेवते. ४० मुलांना वड्या किती आणू?

बी-३०२ सुलभाकाकू, १२.२३
६०० ग्रॅम कोरड्या. मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळ, गार पाण्यातून दोनदा पिळ, मग आल्या-लसणाला लाव. वास राहत नाही. कुणाच्या मुलाला सोयाची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर पालकांनी मंगळवारपर्यंत मनीषाला कळवा, त्यांच्यासाठी मटारचा वेगळा करू.

बी-५०१ वंदना, १२.४०
माझ्याकडे आईचा खलबत्ता आहे. गुरुवारी डॉक्टर हो म्हणाले तर शुक्रवारी जवस भाजेन. सुलभाताई, तुमच्यासाठी तिखट कमी घालू का?