फुटबॉलवर बोलणारा रेडिओ निवेदक: आधी ठाम मत, की आधी नियम पाठ?

पार्क_मैदान
मराठीत फुटबॉलचा फोन-इन कार्यक्रम (श्रोते फोन करून थेट बोलतात तो) करू पाहणाऱ्या पोरांना सगळे एकच सांगतात, "तटस्थ राहा." मला हे साफ चुकीचं वाटतं. बीबीसीवर १९९१ साली '६०६' हा फुटबॉलचा फोन-इन सुरू झाला (संध्याकाळी ६ वाजून ६ मिनिटांनी, म्हणून हे नाव). पहिला निवेदक डॅनी बेकर. मिलवॉल या लंडनच्या क्लबचा उघड चाहता, बोलणं बिनधास्त. त्याचं नाव झालं ते त्यामुळंच.

"तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं की ऐकणारा गप्प बसतो. त्याऐवजी पहिल्या दीड मिनिटात एक मत, एक कारण आणि सामन्यातलं नेमकं मिनिट सांगा. "७०व्या मिनिटाला प्रशिक्षकानं बचावात्मक मधला खेळाडू काढला, तिथंच मधली फळी उघडी पडली." मग पहिला फोन तुमच्या विरोधात बोलणाऱ्याचाच घ्या. होला हो करणारा आधी घेतला तर पुढची दहा मिनिटं पाणचट जातात.

सात_रस्ता
मालक, बेकरचं नाव घेतलंत तर पुढचंही सांगा की. फेब्रुवारी १९९७, एफए कप (इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा), चेल्सी विरुद्ध लेस्टर. जादा वेळेत पेनल्टी दिली गेली आणि चेल्सी १-० जिंकलं. बेकरनं रेफ्री माइक रीडवर इतकी आग ओकली, त्याचं जगणं मुश्कील करा असं चाहत्यांना चिथावलं, की बीबीसीनं त्याला काढलं. निर्णयावर बोला, माणसाच्या मागं लोक लावू नका.

आणि मत देण्याआधी नियम पाठ करा. थ्रो-इन, गोल-किक आणि कॉर्नरवरून चेंडू थेट मिळाला तर ऑफसाइड (बचावफळीच्या पलीकडं उभं राहून चेंडू घेण्याचा नियमभंग) नसतो. चेंडू खेळला गेला त्या क्षणी खेळाडू कुठं होता ते बघायचं, चेंडू पोचला तेव्हा नाही. इथं एकदा चुकलात की जाणकार श्रोता परत फोन करत नाही.

कन्ना_चौक
दोघंही मायक्रोफोनपुढचंच बोलताय. मागं काय लागतं ते लिहितो.

फोन उचलायला वेगळा माणूस हवा. तो नाव, गाव, संघ आणि एका वाक्यात मुद्दा विचारणार, घरचा रेडिओ बंद करायला लावणार. नाहीतर स्वतःचाच उशिरा येणारा आवाज ऐकून बोलणारा अडखळतो. आपल्या सोलापुरात फोनवर तेलुगू, कन्नड मिसळलेली मराठी येणारच. ती समजणाराच तिथं बसवा.

प्रक्षेपण साधारण ७ सेकंद मागं ठेवतात. शिवी आली की बटण दाबून तेवढा भाग उडवायचा. पण बटण दाबल्यावर ते ७ सेकंद संपलेले असतात. परत साठेपर्यंत जिंगल वाजवा, पुढचा फोन घेऊ नका. दुसरी शिवी सुटते ती नेमकी याच वेळी.

परवान्याचंही बघा. सामुदायिक (कम्युनिटी) रेडिओ केंद्राला साधारणपणे १०० वॅटपर्यंतच प्रक्षेपणशक्ती मिळते, म्हणजे शहर आणि लगतची गावं. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. खेळांची माहिती मात्र चालते, आणि स्थानिक सामन्याचं थेट समालोचनही.

पार्क_मैदान
@सात_रस्ता, रेफ्रीबद्दलचं मान्य. पण बीबीसीचा फुटबॉल समालोचक अॅलन ग्रीन बघा. सामना रटाळ असला तर समालोचन करतानाच "रटाळ आहे" म्हणायचा. कितीतरी जण चिडायचे, तरी बीबीसीवर २०२०पर्यंत टिकला. लोकांना खरं बोलणारा आवाज ओळखू येतो.

सात_रस्ता
ग्रीन टिकला कारण त्याच्यासमोर सामना चालू होता. आपल्याकडं हिवाळ्यात इंग्लंडचा शनिवारचा दुपारी ३चा सामना रात्री ८:३०ला सुरू होतो, संपायला साडेदहा. म्हणजे कार्यक्रम पावणेअकराला. तोवर निम्म्यांनी फक्त स्कोअर बघितलेला असतो. त्यांच्यापुढं मतच तेवढं टाकलं तर पुढचा फोन ऐकीव माहितीवर येणार. आधी ४ मिनिटं सामना सांगा: गोल कुठल्या मिनिटाला, कुणाच्या पासवर, कोण बदलला. मग खुशाल भांडा.

पार्क_मैदान
४ नाही, २ मिनिटं. चौथ्या मिनिटापर्यंत स्टेशन बदललेलं असतं.