मदत हवी आहे: ट्रॅफिक नसतानाही ऑप्टिकल लिंक पूर्ण वीज खातात

नमस्कार मंडळी,

आमच्या डेटा सेंटरचं नेटवर्क ४०० जीवरून ८०० जीवर (सेकंदाला ८०० गिगाबिट) न्यायचं काम सुरू आहे आणि विजेचा हिशेब माझ्याकडे आहे. चार रॅक चाचणीसाठी चालू केलेत. तीन आठवडे रीडिंग घेतोय आणि एका ठिकाणी अडलोय.

५१.२ टेराबिटच्या स्विचला ८०० जीचे ६४ पोर्ट. आम्ही घेतलेलं डीआर८ मॉड्यूल (पोर्टमध्ये बसणारं, विजेच्या सिग्नलचा प्रकाश करून आठ लेनवर पाठवणारं) साधारण १५ वॅट खातं. सगळे पोर्ट भरले की नुसत्या मॉड्यूलांचेच ९६० वॅट. चिप आणि पंखे वेगळे. प्रति बिट काढलं तर सुमारे १९ पिकोज्यूल येतात. पण हा आकडा लिंक पूर्ण भरून वाहत असेल तेव्हाचा. आमच्या स्पाइनकडच्या (म्हणजे रॅकच्या लीफ स्विचना एकमेकांशी जोडणाऱ्या मधल्या स्विचकडच्या) लिंक रात्री १० टक्क्यांवर येतात, आणि तेव्हा तोच खर्च बिटामागे १९० पिकोज्यूलच्या घरात जातो. खरेदीच्या चर्चेत हे कुणी विचारतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

परवा रात्री अडीचला एका पोर्टचं रीडिंग घेतलं. आठही लेनचा बायस करंट (लेझरला दिलेला प्रवाह) दुपारी होता तेवढाच, लेझरची पॉवरही तीच. मॉड्यूलचं तापमान दुपारी ५९ अंश, रात्री ५८. दिवसभराच्या धावपळीचा आणि रात्रीच्या शांततेचा फरक एवढाच, एक अंश!

कारण समजतं. डेटा नसला तरी लेझर पेटलेला असतो, रिकामे सिम्बॉल जात राहतात आणि डीएसपी (मॉड्यूलमधली सिग्नल सावरणारी चिप) समोरच्या टोकाशी लॉक धरून बसतो. तांब्याच्या इथरनेटला २०१० पासून ८०२.३एझेड हे वीज वाचवणारं मानक आहे, लिंक रिकामी झाली की ती डुलकी घेते. इथे तसं काही हाती लागत नाही. रात्री काही पोर्ट शटडाउन करून पाहिले, पण स्विचचा एकूण वापर जेमतेम हलला. हे कोडं मला सुटलेलं नाही.

दुसरं, एलपीओ (लिनिअर, डीएसपी नसलेली) मॉड्यूल घ्यावीत का? को-पॅकेज्ड ऑप्टिक्सबद्दल (स्विचच्या चिपशेजारीच बसवलेल्या) वाचलंय, पण आमचे स्विच ठरून गेलेत, त्यामुळे या खेपेला तो पर्याय नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद

शटडाउनने बहुतेक स्विचवर फक्त लेझर बंद होतो. डीएसपी जागाच राहतो आणि मॉड्यूलची निम्म्याच्या आसपास वीज तोच खातो. मॉड्यूलला वेगळी आज्ञा देऊन लो पॉवर मोडमध्ये ढकला, दोन्ही टोकांना. मात्र परत उठायला त्याला काही सेकंद लागतात, त्यामुळे ट्रॅफिकच्या मागे धावत उघडझाप करू नका. रात्रीचे ठरावीक तास धरा. आणि अख्खा स्पाइन बंद करू नका. प्रत्येक स्पाइनकडे दोन लिंक असतील तर एकेक झोपवा. मग एखादा स्पाइन पडला तरी बाकीचे वाटेवर असतात.

एलपीओत डीएसपी नसतो, सिग्नल सावरायचं काम स्विचच्या सर्डीजवर (चिपमधल्या सिग्नल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या सर्किटवर) येतं. वीज नक्की वाचते. रिकाम्या लिंकवर तीही सतत खाते, पण मुळात कमी. अडचण अशी की स्विच आणि मॉड्यूलची जोडी जुळवून घ्यावी लागते. एफईसीच्या (चुका दुरुस्त करणाऱ्या कोडच्या) आधीचा एरर रेट २.४ गुणिले १० चा उणे चौथा घात या मर्यादेपासून किती लांब आहे ते रोज बघा. अनेक फायबर एकत्र जोडणाऱ्या एमपीओ कनेक्टरवर धुळीचा कण असला तरी एलपीओवर तो लवकर दिसतो, कारण मार्जिन कमी. आणि रॅकच्या आत दोन मीटरपर्यंत पॅसिव्ह तांब्याची केबल टाका, तिथे ऑप्टिक्सची गरजच नाही.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

मनापासून आभार! काल रात्री करून पाहिलं. लीफवरून चार स्पाइनना आठ लिंक आहेत, त्यातल्या चार झोपवल्या. मॉड्यूल १५ वॅटवरून दीड वॅटच्या आसपास आलं. दोन्ही टोकं धरून एका लीफमागे १०८ वॅट वाचले. उरलेल्या चार लिंकवर एकही पॅकेट पडलं नाही. रॅकमधल्या केबलींची यादीही आज बदलायला दिली.

आता एकच शंका. मॉड्यूल रोज रात्री थंड आणि सकाळी ५९ अंशांवर, असं वर्षानुवर्षं केलं तर लेझरच्या किंवा सोल्डरच्या आयुष्यावर काय परिणाम होतो? कुणी दोन-तीन वर्षं असं चालवलं असेल तर बिघाडाचं प्रमाण कसं राहिलं ते कळवा. ते कळल्याशिवाय उरलेल्या रॅकवर हे लावायला मन धजत नाही.