शिल्पावरून सुचलेल्या ‘साउंड परफॉर्मन्स’ला मराठीत काय म्हणावं?

कार्यक्रमपत्रिकेसाठी शब्द हवाय. संग्रहालयाच्या दालनात एक कलाकार शिल्पासमोर बसून आयत्या वेळी आवाज रचणार आहे. हाताशी तारा, पत्रे, लॅपटॉप. चाल नाही, ताल नाही. मुळात ‘लाइव्ह एक्सपेरिमेंटल साउंड परफॉर्मन्स’ आहे. मी ‘थेट प्रायोगिक ध्वनी सादरीकरण’ असं केलंय, पण वाचताना दाताखाली खडा येतो.

---

‘थेट’ आधी काढा, ते प्रक्षेपणाला लागतं. ‘सादरीकरण’ म्हटलं की मला तरी ऑफिसातल्या स्लाइडच दिसतात. नाटकाचा होतो तो ‘प्रयोग’, आणि तो समोरच होतो. रेकॉर्डिंग लावलं तर त्याला कुणी प्रयोग म्हणत नाही. शिवाय प्रयोगशाळेत होतो तोही प्रयोगच. तेव्हा तुमच्या चारही शब्दांचं काम एकट्या ‘ध्वनिप्रयोग’मध्ये भागतं. ‘प्रायोगिक ध्वनिप्रयोग’ केलंत तर पिवळा पितांबर!

---

‘नादप्रयोग’ जास्त गोड नाही का?

---

गोड आहे, तीच अडचण आहे. संगीताच्या पुस्तकांत कानाला सुखावणारा, नियमित कंपनांचा तो नाद. पत्र्याचा करकराट त्यात बसत नाही, आणि या कलेला तर तोच हवा असतो. इटालियन चित्रकार-संगीतकार लुइजी रुसोलोनं 1913 मध्ये गोंगाटाची बाजू घेऊन जाहीरनामाच लिहिला होता. ‘ध्वनी’ शब्द गोड-कडू काही ठरवत नाही, म्हणून तो बरा. (आणि ‘अमक्याचा नादप्रयोग’ वाचून कुणाला कसला नाद लागलाय, असं विचारणारे निघतीलच.)

---

मग ‘ध्वनिशिल्प’? हल्ली बरेच जण वापरतात.

---

वापरतात, पण सरसकट. शिल्प स्वतः वाजत असेल तर जरूर म्हणा. हॅरी बर्टोइयाची शिल्पं घ्या: धातूच्या उभ्या सळ्यांचा ताटवा, हात फिरवला की सळ्या एकमेकींवर आपटतात आणि गुंजन बराच वेळ रेंगाळतं. ते ध्वनिशिल्प. तुमच्या दालनातलं शिल्प मात्र गप्प आहे, वाजवतोय तो माणूस.

मधली उदाहरणंही आहेत. संगीतकार अर्ल ब्राउन यांच्या ‘काल्डर पीस’ या रचनेत चार तालवादक आणि अलेक्झांडर काल्डर यांचं एक हलतं शिल्प असतं. त्याच्या पात्यांच्या हालचालीवरून वादकांनी काय वाजवायचं ते ठरतं, आणि मध्येच ते येऊन त्या शिल्पावरही टोले देतात. इथे शिल्प वाद्यही आणि वाद्यवृंदाचा संचालकही. याला एकच नाव देण्याच्या फंदात मी पडणार नाही, सरळ वर्णन करीन.

---

आणि ‘शिल्पाद्वारे प्रेरित’ लिहू नका, हात जोडून विनंती. ‘बेतलेला’ही नको. कादंबरीवर सिनेमा बेततात, कारण तिथे कथा उचलायची असते. शिल्पातून इथे काय उचलणार? ‘शिल्पावरून सुचलेला’ हे नेमकं.

---

सर्वांचे आभार. आता असं करतो: ‘शिल्पावरून सुचलेला ध्वनिप्रयोग’. पण लोक दालनात उभे राहून बघणारही आणि ऐकणारही. ‘प्रेक्षक’ लिहू की ‘श्रोते’?

---

‘रसिक’ लिहा, दोन्ही आले. आणि ‘ध्वनिप्रयोग’ जोडून, ‘नि’ ऱ्हस्व. सुटा ‘ध्वनी’ दीर्घ असतो म्हणून छापखान्यात हटकून ‘ध्वनीप्रयोग’ होतं. प्रूफ स्वतः बघा.